राक्षसाची पाठ

"तुम्ही माणसाचं काम कधी करणार?"

रंकाळ्यावर फिरायला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच. लग्नात विचारतात, पोराला माझ्या दंडाला लोंबकळायला लावून फोटो काढता काढता विचारतात. इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

बकासुर, हिडिंब, घटोत्कच, कुंभकर्ण, सगळे केले. सहा फूट तीन इंच उंची, मोडलेले कान, तालमीतलं अंग. मला बघून कुणाच्या डोळ्यांपुढं कारकून येत नाही.

पण राक्षस म्हणजे नुसतं ओरडणं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कॅमेरा जमिनीलगत लावतात, नायकाला माझ्यामागं लांब उभं करतात, तेव्हा मी ताडासारखा दिसतो. त्यानं हवेत बघायचं, मी रिकाम्या जमिनीकडं. समोर कुणी नसताना डोळ्यांत भूक आणायची. चाल जड दिसावी म्हणून सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटी घेतात, तरी जडपणा पायातूनच यावा लागतो. तोंडावर लॅटेक्स चिकटवलेलं, आत घामाच्या धारा, दिवसभर नळीनं ताक. आणि एवढं करून आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याचा.

ह्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1920 साली 'सैरंध्री' काढला. झुंजारराव पवारांचा कीचक, बाळासाहेब यादवांचा भीम. कीचकवध इतका खरा उतरला की थिएटरात किंकाळ्या उठल्या, आणि पुढं ते दृश्य कापावं लागलं. त्या कीचकाला कुणी विचारलं असेल का, माणसाचं काम कधी करणार म्हणून?

हे मी तावातावानं सांगतो. खरं दुखणं वेगळं आहे.

चित्रनगरीत बकासुरवध चालला होता. वस्तादांना मीच हौसेनं बोलावलं होतं. खुर्ची दिली, बसले नाहीत. भीम करणारा पोरगा सत्तर किलोचा. मला उचलायला वायर होती, आपटल्यावरचं माझं मी बघायचं होतं. पहिल्यांदा पडलो आणि अंग आपोआप पालथं झालं. पैलवानाचं अंगच ते, खाली आलं की पोटावर वळतं, पाठ मातीला लागू देत नाही. दिग्दर्शक ओरडला, "पाठ टेकू द्या पूर्ण!" दुसऱ्यांदा खांदा उचलला गेला. तिसऱ्यांदा पाठ टेकली, पण धूळ कमी उडाली. मग भीमाचा पाय घसरला. मग ढग आला. दर वेळी मी मनाला बजावायचो, वळू नको, वळू नको. सातव्या वेळी अंगानं वळायचं सोडून दिलं. ते मला आतून कळलं, दार मिटल्यासारखं. नवव्याला टेक ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोंडावरचे सुळेही न काढता मी वस्तादांच्या पाया पडायला गेलो. ते मागं सरले.

"ही नुरा कुस्तीच की रं," ते म्हणाले. "पडायचं किती घेतलंस?"

पैसे खाऊन पाठ लावणाऱ्या पोरांना त्यांनी भर पावसात तालमीबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. मी आकडा सांगितला नाही. ते रिक्षात बसून गेले. त्यानंतर तालमीत गेलो की ते कुस्तीच्या मातीच्या हौदाकडं तोंड करून बसत. दोन वर्षांनी वारले.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, वस्ताद जुन्या काळचे, त्यांना सिनेमा कळत नाही. आज त्या तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, त्यांना नेमकं कळलं होतं, तुलाच कळलं नव्हतं. पण लगेच दुसरं मन उसळतं. नऊ वेळा शंभराच्यावर किलोचं अंग त्या पोराच्या पायाशी आदळलं आणि त्याला एक ओरखडा उठला नाही. अंग असं ताब्यात ठेवायला मला कुणी शिकवलं? त्याच हौदात शिकलो ना? हे त्यांना सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर पटलं असतं का, तेही ठाऊक नाही.

माणसाचं काम एकदा मिळालं होतं. मुलीला सासरी धाडणारा बाप, तीन वाक्यं. आवाज माझाच होता. ते संकलनात गेलं.

येत्या सोमवारी महिषासुर आहे. शेवटी पाठ टेकवायचीच आहे. दिग्दर्शकाला फोन करून सांगितलंय, तेवढं एका टेकमध्ये घ्या.