सुरतेची साडी, व्हाया भिवंडी

सुरतेहून जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या अमळनेरला यायला सरळ रेल्वे आहे. ताप्तीच्या खोऱ्यातली ही लाइन शंभर वर्षांहून जुनी. रात्री सुरतेला गाडीत बसलं की नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत माणूस पहाटे अमळनेरच्या फलाटावर उतरतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला कित्येक घरं आजही सुरतेला जातात, आणि तिथल्या उधना-लिंबायतला कोणी ना कोणी नातेवाईक असतोच, त्यामुळे मुक्कामाचीही चिंता नसते. सुरत आम्हाला पुण्यापेक्षा जवळची.

पण साडी मोबाइलवरून मागवली की तिला हा रस्ता माहीत नसतो. बायकोने मागवलेली एक साडी सुरतेहून निघाली ती थेट भिवंडीला गेली. तिथून नाशिक, नाशिकहून धुळे, धुळ्याहून अमळनेर. सरळ रस्त्याच्या दुपटीहून जास्त प्रवास. ट्रॅकिंगचं पान उघडून बायको मला रोज विचारायची, "ही भिवंडीला काय करतेय?" जणू मीच तिला तिकडे पाठवलं होतं.

भिवंडीला जाण्यामागे हिशोब आहे, वेडेपणा नाही. सुरतेहून अमळनेरला रोज ट्रक भरेल इतकी पार्सलं निघत नाहीत. मग सगळा माल एका मोठ्या गोदामात गोळा करायचा, गावागावांप्रमाणे निवडायचा, आणि भरलेल्या ट्रकने पुढे धाडायचा. अमेरिकेत फेडेक्स या कुरिअर कंपनीने १९७३ साली हाच खेळ विमानांनी सुरू केला. पहिल्या रात्री १८६ पाकिटं होती, आणि शेजारच्या शहराला जाणारं पाकीटसुद्धा आधी मेम्फिसला, त्यांच्या मुख्य तळावर जायचं. म्हणजे आमची साडी उलटी फिरली ती जुन्या आणि नामांकित परंपरेनेच. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग उधन्याच्या मावशींनाच सांगितलं असतं तर?"

या प्रश्नाला फेडेक्सकडेही उत्तर नसावं.

ज्याला आपण ट्रॅकिंग म्हणतो त्यात खरं म्हणजे पार्सल कुठे आहे हे दिसतच नाही. पार्सलावरच्या बारकोडच्या पट्ट्यांवर स्कॅनरची शेवटची 'टुक' कुठे वाजली, एवढंच दिसतं. गोदामात शिरताना एक टुक, पिशवीत भरताना एक, ट्रकवर चढताना एक. दोन टुकांच्या मध्ये ट्रक कसारा घाटात उभा असेल, ड्रायव्हर धाब्यावर आडवा झाला असेल, किंवा पार्सल दुसऱ्याच गावाच्या गोणीत जाऊन पडलं असेल, पडद्यावर मात्र 'इन ट्रान्झिट' एवढंच. आणि सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी' असं येतं तेव्हा आपल्याला वाटतं की डिलिव्हरीचा पोरगा आपल्या घराकडे निघाला. तो निघालेला असतो शे-पाऊणशे घरांकडे. त्याच्या सगळ्या पार्सलांची टुक एकदमच वाजलेली असते. आपला नंबर दुपारी बाराला लागेल की संध्याकाळी सातला, हे त्या ओळीत कुठेच नसतं. माहितीच्या नावाखाली धीर देणारं हे यंत्र आहे, आणि धीरही असा की दर तासाला उघडून बघावंसं वाटतं.

पत्त्याचंही तसंच. आपला पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी माणसाची. संस्कृत कवीही होते ते. अमळनेरचा पिन ४२५४०१. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र-मध्य प्रदेशाचा पट्टा, ४२५ म्हणजे जळगावचा गट. पिनकोडवर आम्ही जळगावचे, ट्रकवर धुळ्याचे, कारण धुळे जवळ. आणि जिथे सहा आकडे संपतात तिथे खरा पत्ता सुरू होतो: "मारोतीच्या पारासमोर, पिठाच्या गिरणीला लागून, निळं गेट." गेटला मागच्या दिवाळीत हिरवा रंग दिलाय, पण पत्त्यात अजून निळंच आहे. पोरग्याला ते माहीत असल्यामुळे कोणी बदललेलं नाही.

वेगाबद्दल बोलायचं तर, पुण्याहून सुटीला आलेला आमचा भाचा दहा मिनिटांत दूध-ब्रेड घरी येणाऱ्या जगातला. ती दहा मिनिटं जमतात कारण तिथे दर दोन-तीन किलोमीटरवर बंद शटरची छोटी गोदामं असतात आणि माल आधीच तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन बसलेला असतो. त्याने इथे चार्जर मागवायला घेतला तर 'पाच ते सात दिवस' दिसले. "मामा, पाच ते सात? विप्रो इथलीच ना?" विप्रो इथलीच, १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली. पण कंपनी जन्माला आली म्हणून गावाला एक्स्प्रेस डिलिव्हरी मिळत नाही, हे त्याला कोण सांगणार. बाजारपेठेत जाऊन चार्जर आणला, जाता-येता अर्धा तास. त्यातली वीस मिनिटं दुकानदार "कोणाचा भाचा" हे विचारत होता.

पण खरं सांगू का, पाच ते सात दिवसांना इथे कोणाचीच हरकत नाही. माझ्या ओळखीत साडी उद्या आली नाही म्हणून हळहळणारं कोणी नाही. हरकत आहे ती 'पाच ते सात' या बोलण्याला. पाच म्हणा किंवा सात म्हणा. शेतात कापूस वेचणीला बायका लावलेल्या असतात, कोणाला दवाखान्यात धुळ्याला जायचं असतं, कोणाचा बाजाराचा दिवस असतो. घरी कोणीतरी थांबायला हवं, रोख पैसे काढून ठेवायला हवेत. 'गुरुवारी' म्हणालात तर गुरुवारी माणूस थांबेल. 'मंगळवारी' म्हणून दाखवायचं, मंगळवारी सकाळी ते 'बुधवार' करायचं आणि बुधवारी 'थोडा उशीर होत आहे' असं गोड बोलायचं, यात तीन दिवस घराचं दार अडकून पडतं. लवकरची तारीख दाखवली की लोक ऑर्डर देतात, हे कंपन्यांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

पूर्वी खेड्यावरची पोरं प्रताप कॉलेजात शिकायला अमळनेरला खोल्या करून राहत आणि त्यांचे जेवणाचे डबे एसटीने येत. आई पहाटे कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधायची, डब्यावर कापडाची पट्टी शिवून त्यावर नाव, आणि डबा कंडक्टरच्या हवाली. पोरं स्टँडवर गाडीच्या वेळेला उभी. डबा लवकर यावा असं कधी कोणाला वाटलं नाही. गाडी यायच्या वेळी डबा येतो, एवढं पक्कं होतं. गाडीला उशीर झालाच तर मागच्या गाडीचा ड्रायव्हर सांगायचा की पारोळ्याजवळ पंक्चर आहे, तासभर बसा. बारकोड नव्हता, पण कारण कळायचं.

कारण कळणं, ही गोष्ट केळीवाल्यांना विचारा. रावेर-सावद्याकडची केळी कच्ची, हिरवी कापून ट्रकात भरतात, आणि ती दिल्ली, पंजाब, काश्मीरपर्यंत जातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. रावेरचा माझा एक मित्र हा धंदा करतो. मे महिन्यात गाडी निघाली की तो जेवत नाही धड. बऱ्हाणपूर सुटलं, इंदूर सुटलं, असे ड्रायव्हरचे फोन येत राहतात आणि हा मनातल्या मनात घड मोजत राहतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. गाडी एक दिवस कुठे अडकली तर केळी वाटेतच पिवळी पडायला लागते, आणि पिवळी केळी घेऊन पोचलेल्या गाडीचा भाव तिथला व्यापारी ठरवतो, हा नाही. त्याला ट्रॅकिंग लागतं ते का, हे मला समजतं. मी मोबाइलचं कव्हर कुठे पोचलं ते दिवसातून सहा वेळा बघतो ते का, हे त्याला समजत नाही. "ते काय पिकतं का वाटेत?" असं त्याने एकदा विचारलं होतं.

आता फुकटाचं. '४९९ च्या वर डिलिव्हरी मोफत' ही पाटी लागली की आमच्या घरात गणित सुरू होतं. साडीचं ब्लाउजपीस चारशे तीसचं, डिलिव्हरी चाळीस. मग चाळीस वाचवायला सव्वाशेचे मोजे टोपलीत. खान्देशात मोजे घालायचे दिवस वर्षात किती, हा प्रश्न त्या क्षणी कोणाला पडत नाही. कपाटात मोज्यांचा खण भरलाय आमच्या.

आणि हे फुकट कोणाला खरं वाटतं याचं मला नवल आहे, निदान शेतकऱ्याच्या घरात. बाजार समितीत माल घातला की हातात येणाऱ्या हिशोबाच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशा एकेक ओळी कापलेल्या असतात. पोतं ट्रकातून खाली उतरवणारा माणूस फुकट उतरवत नाही, हे आम्ही लहानपणापासून पट्टीवर वाचत आलो. मग सुरतेहून भिवंडी करत आलेली साडी फुकट कशी येईल? हमाली तिच्या किमतीतच बसलेली असते, फक्त तिची वेगळी ओळ छापत नाहीत. त्यापेक्षा मला ती ओळ छापलेली आवडेल: माल इतका, वाहतूक इतकी. चाळीस रुपये मी देतो, तक्रार नाही. राग येतो तो सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर 'हाताळणी शुल्क', 'पॅकिंग शुल्क' असं उगवतं तेव्हा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार नावानिशी सांगितले; किंमत हळूहळू उघड करणं, न विचारता टोपलीत काही टाकणं, 'आता दोनच उरलेत' अशी खोटी घाई करणं, हे सगळं त्यात आहे. तरी 'दोनच उरलेत' ची साडी आमच्या घरी महिनाभराने पाहिली तेव्हाही दोनच उरलेल्या होत्या.

शेजारच्या आजींचा या सगळ्या व्यवहारावर विश्वास नाही, पण नातू मुंबईहून त्यांच्या नावाने गुडघ्याचा पट्टा पाठवतो, तेल पाठवतो. डिलिव्हरीचा पोरगा दारात उभा राहून म्हणतो, "माय, ओटीपी सांग ना." आजी मोबाइल पदराखाली घेतात. "नही भो. बँकवाला म्हनस, कोणलेच सांगू नका." पोरगा म्हणतो तो ओटीपी वेगळा, हा वेगळा. आजी म्हणतात आकडे तर सारखेच दिसतात. दोघांचंही बरोबर आहे. मग मला हाक येते, मी आजींच्या मोबाइलमधला आकडा वाचून दाखवतो आणि आजी माझ्याकडेही जरा संशयानेच बघतात.

हा पोरगा गलवाड्याकडचा. पार्सलामागे पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं. पाठीवरची पिशवी त्याच्या डोक्याच्या वर येते आणि गाडीच्या पुढ्यात आणखी एक गोणी. सकाळी तो प्रत्येक पाकिटावर जाड स्केचपेनने गल्लीचा आपला आकडा टाकतो. कंपनीचा बारकोड त्याच्या उपयोगाचा नाही. मे महिन्यात दुपारी बारा ते चार तो गल्लीत येतच नाही आणि आम्हीही विचारत नाही. त्याऐवजी साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर त्याचा आवाज येतो: "भाऊ, आज चार नंतर तुमनी गल्लीमा." आणि चार नंतर येतो. ॲपवर तेव्हा काहीही लिहिलेलं असो. आमची सगळी गल्ली आता ॲप न बघता त्याच्या आवाजावर चालते. पार्सल नाही आलं तर काय, याचंही उत्तर असतं त्याच्याकडे, दोन शब्दांचं: "गाडी लेट." पुरे होतं.

मध्यंतरी एका दुसऱ्याच कंपनीकडून "प्रयत्न केला, ग्राहक घरी नाही" असा मेसेज आला, मी दिवसभर ओट्यावर बसलेलो असताना. कोणी आलंच नव्हतं. दिवसाचा आकडा पूर्ण करायला असे मेसेज घरबसल्या टाकतात म्हणे. मी तावातावाने हे आमच्या पोरग्याला सांगत होतो, तर तो हसायलाच लागला. त्याने स्वतःसाठी हेल्मेट मागवलं होतं, त्याच कंपनीकडून येणार होतं. खिशातून मोबाइल काढून त्याने मला दाखवला.

"मना बी मेसेज उना, भाऊ. ग्राहक घरी नही म्हने. मी घरी कसा राहसू? मी त्ये तुमना दारमा उभा शे."

मग त्याने पत्ता बदलून आमचा टाकला. हेल्मेट आलं की मी घ्यायचं, असं ठरलंय. ओटीपी तो मला फोनवर सांगणार आहे.