गोळे, फुल्या आणि बाथटबमधली सही

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेली शेपटी, असंच आम्ही धरून चाललो होतो. सरांनी या तासाला पुस्तक मिटवून व्यंगचित्रं आणायला सुरुवात केली. अट एकच: आधी हसायचं नाही, काय काय दिसतंय तेवढंच सांगायचं. (हसू यायचंच.)

त्यातलं अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं चित्र पक्कं लक्षात आहे. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत, अर्धवट उघड्या दारातून सही केलेला कागद बाहेर देतायत आणि म्हणतायत, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा. वर्गातल्या एका हुशार मुलाने हे आणीबाणीच्या घोषणेवर आहे असं ठोकून दिलं. "मजकूर वाच," सर म्हणाले. "घोषणा जूनमध्येच झाली. इथे वटहुकूम लिहिलंय." मग तिथून गाडी सुटली. संसदेच्या दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना वटहुकूम का काढता येत नाही? अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर त्याचं काय होतं?

सरांचा खरा प्रश्न पुढेच असायचा. चित्रकाराने दोष कुणाला दिलाय, आणि तो बरोबर आहे का? टबमधल्या माणसाला सही नाकारता आली असती? वर्गात दोन तट पडले आणि त्या भांडणात राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असं सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ७४ डोक्यात शिरला. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने दिली, हे मी कधी पाठ केलं नाही, तरी आजही आठवतं.

दुसरं चित्र १८१२ मधलं, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. मतदारसंघाच्या नकाशालाच पंख आणि नखं लावलेली. गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मान्य केलेल्या आखणीवरची ती टीका. सरांनी फळ्यावर नऊ गोळे आणि सहा फुल्या काढल्या, तिघातिघांचे पाच मतदारसंघ पाडायला लावले. तीन मतदारसंघांत दोन-दोन फुल्या बसवल्या की अल्पमतातल्या फुल्या पाचपैकी तीन जागा नेतात. एकही मत न फिरवता! मग त्या नकाशाला पंख का फुटले ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

एकदा वर्गातल्या एकीने विचारलं, "सर, राष्ट्रपती झाले, गव्हर्नर झाले. न्यायाधीशांवरची चित्रं कधी आणणार?"

"आधी न्यायालयाच्या अवमानाचा कायदा शिकू," सर म्हणाले. "मग ठरवू, आणायची की नाही."