आमची वाटचाल : 'नमुना सांडला'

२०१३ साली कोल्हापुरात राजारामपुरीत जिन्याखालच्या गाळ्यात आम्ही दोघांनी बोर्ड लावला, 'आर मध्ये डेटा विश्लेषण व आलेख'. पहिले काही महिने लोक आत डोकावून एवढंच विचारायचे, "आरं म्हंजे काय ओ?" ऑकलंडच्या रॉस आणि रॉबर्ट या दोघांनी काढलेली, आकडेमोडीची फुकट मिळणारी संगणकाची भाषा, म्हणून आर, असं सांगितलं की समोरचा "बरं बरं" म्हणून झेरॉक्स मिळते का विचारायचा. पण काम आलं. विद्यापीठातली पीएच.डी.ची मुलं, शेतीवाले, एखादा डॉक्टर.

मग २०१६ चा पावसाळा. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीवर काम करणारी एक विद्यार्थिनी आली. मातीची क्षारता आणि उसाचं एकरी उत्पादन, साधा हिशेब. प्रयोगशाळेच्या एक्सेलमध्ये क्षारतेच्या रकान्यात एका ठिकाणी आकड्याऐवजी 'नमुना सांडला' टाइप केलेलं. तेवढ्यावरून आरने अख्खा रकाना मजकूर धरला आणि त्या वेळच्या रीतीप्रमाणे मुकाट्याने फॅक्टर, म्हणजे प्रत्येक वेगळ्या नोंदीला एक क्रमांक दिलेली यादी, करून टाकला. भागीदाराने त्यावर सरळ ॲज डॉट न्यूमेरिक (आकडे करून देणारी आज्ञा) चालवलं. जाणत्यांना पुढचं कळलं असेल. हातात खऱ्या क्षारतेऐवजी आले ते लेव्हलचे, म्हणजे त्या नोंदींचे, क्रमांक, तेही मजकुराच्या क्रमाने लागलेले : १०.४ आधी, २.३ नंतर. सगळ्यात खारट माती गोडी ठरली. वर स्केल मारल्यामुळे, म्हणजे आकडे सरासरीभोवती आणून ठेवल्यामुळे, अक्षावर उणे दोन ते दोन एवढंच दिसत होतं, म्हणून माझ्याही नजरेतून सुटलं. जीजीप्लॉट या आरच्या आलेख-पॅकेजमध्ये रेघ मात्र काय देखणी आली होती! खारटपणा वाढतो तसा ऊस वाढतो.

सादरीकरणाला पोरीचे वडील मागे बसले होते. ते म्हणाले, "मग आम्ही रानात मीठ टाकायचं का?"

पैसे परत केले, दोन रात्री जागून आधी ॲज डॉट कॅरेक्टर (फॅक्टरचा परत मजकूर करणारी आज्ञा) लावून सगळं फुकट नव्याने करून दिलं. पण बोभाटा झालाच. पलीकडच्या गल्लीत एक प्रबंध बांधणी-टायपिंगवाले होते, ते एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे. (कॉपी कुठली होती ते मी बोलत नाही.) त्यांनी येईल त्याला सांगायला सुरुवात केली, "फुकटच्या सॉफ्टवेअरला गॅरंटी नसते." तीन महिन्यांत गाळ्यात माशा. आणि भागीदार? तो त्यांच्याकडेच गेला. चूक ज्याच्या हातून झाली तो तिकडे तज्ज्ञ, बदनाम आम्ही.

तेव्हा टिकलो ते उद्यमनगरातल्या अण्णांमुळे. त्यांची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. रिजेक्शनच्या वह्या पिशवीतून घेऊन यायचे, वाळूचे डाग पडलेल्या. हीट नंबर (भट्टीच्या घाण्याचा क्रमांक), वाळूतला ओलावा, ब्लोहोल (ओतीवातली हवेची पोकळी), पाळी, सगळं हाताने लिहिलेलं. आम्ही ते भरून घेतलं, ओलावा आडव्या अक्षावर, रिजेक्शन उभ्या, आणि पाळीप्रमाणे फॅसेट, म्हणजे वेगवेगळे आलेख, पाडून तीन चौकोन. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकट्या पडलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुणाच्या पाळीतला?" पी व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासायचा आकडा; लहान तितका चांगला मानतात) त्यांनी आजवर विचारलेली नाही. त्या मंदीत दर महिन्याला एक वही यायची, पैसे रोख.

नंतरची वर्षं बरी गेली. महापूर, लॉकडाऊन सगळ्यांनाच होतं.

ती फॅक्टरची रीत आरवाल्यांनी एप्रिल २०२० मध्ये, ४.०.० आवृत्तीत बदलली. आता मजकूर मजकूरच राहतो. चार वर्षं आधी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं!

तरुण पोरांना सांगतो, फाइल उघडली की आधी एसटीआर (कुठल्या रकान्यात आकडे, कुठल्यात मजकूर ते दाखवणारी आज्ञा) चालवा, मग चहा घ्या. मदत मागताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका, डीपुट (डेटा मजकुरात लिहून देणारी आज्ञा) करून चार ओळी द्या. नियतकालिकाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, ते आलेख जतन करायच्या जीजीसेव्हमध्ये आधीच घाला, नंतर चित्र ताणून येत नसतं. आणि "सर, पी तेवढी ०.०५ च्या खाली आणा" म्हणणाऱ्यांनी आमची पायरी चढू नये.

अण्णांचा मुलगा आता वह्यांऐवजी एक्सेल पाठवतो, पण आलेख त्याला कागदावरच लागतो, भिंतीला लावायला. तो आम्ही बाहेरून छापून आणतो. आमचा रंगीत प्रिंटर भागीदार जाताना घेऊन गेला. तो दोघांच्या पैशाचा होता. हे वाचत असशील तर निदान अर्धे पैसे तरी पाठव.