आषाढातली पेंटरांची बैठक

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझे दुकानही बुडाले. फ्लेक्स छापण्याचे यंत्र, अक्षरे कापण्याचा प्लॉटर, संगणक, व्हिनाइलचे रोल, असे जे काही मी सोळा-सतरा वर्षांत उभे केले होते, ते सगळे एका दिवसात गेले. पाणी ओसरल्यावर बाजारात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलातून लोक आपापल्या वस्तू ओढून काढत होते. समोरच्या हार्डवेअरवाल्यांनी एक पत्रा बाहेर काढून त्यावर बादलीभर पाणी ओतले, आणि चिखलाखालून पिवळ्या जमिनीवरची लाल अक्षरे, काळ्या सावलीसह, स्पष्ट दिसू लागली. ती पाटी फ्लेक्स येण्याच्या आधीची होती आणि ती लिहिताना मी रंगाचा डबा धरून शिडीखाली उभा होतो. कडेला गंज धरला होता, एका कोपऱ्यात पोपडा सुटला होता, परंतु अक्षरांना काही झाले नव्हते. माझ्या दुकानाच्या नावाचा फ्लेक्स मात्र कचऱ्याच्या ढिगात कुठे गेला, ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात देवरुख, खेड आणि गुहागर या बाजूंनी चार पेंटर आले. त्यांना कोणी निरोप धाडला नव्हता. ब्रशांची पिशवी, रेड ऑक्साइडचे डबे आणि पॉलिश पेपर घेऊन ते थेट बाजारात उतरले, आणि ज्या पाट्या वाचवण्यासारख्या होत्या त्या घासून, सुकवून पुन्हा लिहिण्याच्या कामाला लागले. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते आमचे मास्तर तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, तरी तेही आले. २००५ साली मी प्लॉटर घेतल्यापासून त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी ते चढले, आत चिखलात उभे राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "ब्रश धरता येतो ना अजून? मग चल." दर कोणता, पैसे कोण देणार, हा विषय त्या आठ-दहा दिवसांत एकदाही निघाला नाही. दरवर्षी पावसात एकदा जमावे हे मात्र त्याच दिवसांत, रात्री जेवणानंतर बोलता बोलता ठरले.

पाऊस निवडण्यामागे साधे कारण आहे. कोकणात जून ते सप्टेंबर पेंटरला बाहेरचे काम नसते. भिंती ओल्या असतात, जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ चढलेले असते, आणि पत्र्यावर दिलेला ऑइल पेंट दोन-दोन दिवस हाताला चिकटत राहतो. म्हणूनच आमच्यापैकी अनेकजण या दिवसांत गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळांत कामाला असतात. बैठकही संगमेश्वरजवळच्या अशाच एका चित्रशाळेत भरते. आषाढात तिथे शाडूच्या मूर्ती सुकत असतात, रंगकामाला अजून अवकाश असतो, घराघरांतून आलेले पाट भिंतीला टेकून उभे असतात आणि प्रत्येक पाटावर खडूने घराण्याचे नाव लिहिलेले असते. ती नावे कोणी घाईत लिहिलेली असली, तरी आमची मंडळी आत शिरल्याबरोबर आधी तीच वाचत बसतात. सिंधुदुर्गातली माणसे कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकामुळे उशिरा पोहोचतात, आणि ती आल्याशिवाय कोणीही रंगाचा डबा उघडत नाही.

ज्यांनी या धंद्याचे जुने दिवस पाहिलेले नाहीत, त्यांना अशा बैठकीत विशेष काय, असे वाटू शकेल. मी १९९४ साली मास्तरांकडे लागलो, तेव्हा पहिले वर्षभर माझे काम पत्रे घासणे, अस्तर देणे आणि ब्रश धुणे एवढेच होते. अक्षर कसे उभे करायचे हे कोणी सांगत नसे, ते चोरून बघायचे असे. मोठे काम असले की मास्तर ते कागदावर आखून घेत, रेषेवर सुईने बारीक भोके पाडत, तो कागद भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत, आणि काम झाल्यावर कागद जाळून टाकत. काचेवर मागच्या बाजूने उलटी अक्षरे लिहून त्यांना सोनेरी वर्ख लावण्याची युक्ती अवघ्या दोघा-तिघांना ठाऊक होती, आणि ते ती आपल्या मुलांनाही हातचे राखूनच सांगत. यात दुष्टपणा नव्हता, कारण एका तालुक्याच्या बाजारात दोनच पेंटर पोटभर जेवू शकत होते आणि तिसरा तयार करणे कोणाला परवडणारे नव्हते. आज आम्ही जे एकमेकांना मोकळेपणाने सांगतो, ते त्या भीतीचे कारणच उरले नाही म्हणून, हेही मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९७५ साली काही तरुण पेंटर असेच जमू लागले होते. जुने कारागीर आपली गुपिते सांगत नाहीत, तर आपण जे शिकू ते एकमेकांना सांगू, एवढाच त्यांचा बेत होता. पुढे त्यातून 'लेटरहेड्स' नावाची चळवळ अनेक देशांत पसरली. मी ही हकीकत बैठकीत सांगितली, तेव्हा मास्तर बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी सोनेरी वर्ख लावण्याची पद्धत पहिल्यांदा सगळ्यांसमोर करून दाखवली. सरसाचे पाणी किती पातळ हवे, वर्ख उचलण्याआधी ब्रश गालावरून का फिरवायचा आणि श्वास का रोखून धरायचा, हे त्यांनी सांगितले. त्यांच्या हातात तेव्हा किंचित कंप होता, पण वर्ख काचेवर टेकला त्या क्षणी हात स्थिर झाला.

बैठकीत मला सर्वात जास्त शिकवले ते मालवणच्या एका होडी रंगवणाऱ्या वृद्ध पेंटरांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या आम्हा लोकांना पत्रा घासून लगेच प्रायमर देण्याची सवय असते. अण्णा म्हणतात की समुद्राजवळच्या पत्र्याला आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि पूर्ण सुकू द्या, कारण पत्र्यावर बसलेला खार रंगाखाली तसाच राहिला तर तो ओल ओढतो, फोड येतात आणि गंज आतून सुरू होतो. दुपारी चारनंतर शेवटचा हात देऊ नका, नाहीतर संध्याकाळच्या दमट हवेने रंगाची चकाकी मरते आणि त्यावर पांढुरकी झाक चढते, असेही ते बजावतात. ब्रश रॉकेलमध्ये धुवून, खोबरेल तेल लावून, केसांना टोक देऊन आडवा ठेवण्याची त्यांची रीत मी आता माझ्या दुकानातल्या मुलांनाही लावली आहे. पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्वोत्तम समजले जात. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते ब्रश बेकायदा आहेत, आणि बैठकीत कोणी जुना ब्रश काढलाच तर तरुण पोरे त्याला तो परत ठेवायला लावतात, हे मला योग्य वाटते.

परंतु खरी रंगत अक्षरांवर बोलणे निघाले की येते. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते आणि देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, म्हणून आम्ही वरची दोरी आधी मारतो, म्हणजे ताणलेल्या दोरीने वरची रेषा आधी उमटवतो. 'ट', 'ठ', 'ढ' यांची गोलाई खालच्या दोरीला नेमकी टेकवली तर ही अक्षरे शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसतात, म्हणून ती रेषेच्या किंचित खाली उतरवावी लागतात. 'राजापूर' लिहिताना दोन काने आणि दोन 'र' यांमधली मोकळी जागा पट्टीने मोजून भागत नाही, ती डोळ्याने भरावी लागते. एका वर्षी 'संगमेश्वर' या एकाच शब्दावर अर्धा दिवस गेला, कारण त्यातला 'श्व' अर्धा 'श' काढून लिहावा की जुन्या वळणाने 'व' खाली जोडून, यावर दोन तट पडले. 'ल' पाकळीचा हवा, हिंदीतल्यासारखा उभ्या दांडीचा नको, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठीची रूपे ठरवली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या पाट्यांवर ती होती.

याच बोलण्यात माझी एक चूक पुढे आली. दाभोळच्या एका मच्छीमाराने आपल्या होडीसाठी माझ्या दुकानातून नावाचा स्टिकर करून नेला होता आणि त्याचा फोटो देवरुखच्या पेंटरांनी सगळ्यांना दाखवला. नाव होते 'दर्यासारंग', आणि आमच्याकडून गेले होते 'दऱ्यासारंग'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' यांतला हा फरक आहे. संगणकावर बसणाऱ्या मुलाने सवयीने ती कळ दाबली होती आणि मी छापण्याआधी पाहिले नव्हते. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हा मानाचा किताब होता, आणि तो किताब मी एका होडीवर चुकीचा लिहून दिला होता. ब्रशने लिहिताना अशी चूक होत नाही असे नाही, पण एकेक अवयव हाताने काढायचा म्हटले की प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते, आणि त्या थांबण्यातच शब्द पुन्हा वाचला जातो. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. कोणी हसले नाही. अण्णांनी एवढेच विचारले की होडी पाण्यात कधी उतरणार आहे.

मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातल्या प्रत्येक दुकानाला, कामगार कितीही असोत, देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षराची मागणी इतकी एकदम वाढलेली मी पूर्वी पाहिली नव्हती, आणि तरीही ते बहुतेक काम फ्लेक्स, अॅक्रिलिक आणि दिव्यांच्या पाट्या करणाऱ्यांकडे गेले. त्यांत मीही आहे. माझे घर यंत्रावर चालते आणि हे बैठकीतल्या सर्वांना माहीत आहे. खेडच्या एका पेंटरांनी मला तेव्हा सांगितले की यंत्र ठेव, पण त्यात घालायचे अक्षर तरी चांगले निवड. तेव्हापासून नावाची जोडणी मी आधी कागदावर काढून पाहतो आणि मगच ती संगणकावर बसवायला देतो.

देशभरातल्या पेंटरांकडून मुळाक्षरे लिहून घेऊन त्यांचे संगणकी टंक, म्हणजे फॉन्ट, बनवण्याचे काम हनीफ कुरेशी यांनी मोठ्या आस्थेने केले. २०२४ मध्ये ते फार लवकर गेले. त्यांचे काम पाहून मी अण्णांच्या अक्षरांचा टंक करण्याची कल्पना मांडली. देवनागरीत जोडाक्षरे धरली तर शेकडो आकार काढावे लागतात, याची अण्णांना अडचण वाटली नाही. त्यांची अडचण निराळी होती. मी 'र' लिहून मागितला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "खंयचो र?", म्हणजे कुठला 'र'? कारण 'मालवण'च्या शेजारी बसणारा 'बंदर'मधला 'र' आणि 'राम'मधला 'र' त्यांच्या हातून कधीच सारखे उतरत नाहीत, शेजारचे अक्षर पाहून ते त्याची मान आणि पाय बदलतात. त्यांनी मला सात 'र' काढून दिले. ते कागद मी जपून ठेवले आहेत, आणि टंकाचे काम संथ गतीने का होईना, चालू आहे.

गेल्या वर्षी लांज्याहून एका पेंटरांची मुलगी आली होती. वडिलांच्या कमरेने शिडीला नकार दिल्यापासून वरचे काम तीच करते. तिच्या लांब रेषेला मधेच बाक येत होता. अण्णा तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गो बाय, हात हलवू नको, खांदो हलव." तिने तीच रेषा पंधरा-वीस वेळा काढली, आणि चित्रशाळेत इतरांची कामे आपोआप थांबली. सोळाव्या की सतराव्या वेळी रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली, तेव्हा मास्तरांनी आपला सर्वात जुना चपटा ब्रश पुसून तिच्यापुढे ठेवला. नंतर सगळे जेवायला बसले. मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी नव्हती; कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा होता, आणि पानावर बसल्यावरही ती आणि अण्णा बोटाने ताटात रेषा काढत होते.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपण्याआधी दोन दिवस मी, मास्तर आणि अण्णा दाभोळला गेलो. होडी अजून पावसासाठी शाकारून झाकलेलीच होती, आत खाऱ्या लाकडाचा आणि नव्या रंगाचा वास कोंडला होता. आधी मी स्टिकर खरवडून काढला, मग नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची, फळी गोड्या पाण्याने धुतली, पुसली, आणि अण्णांनी दोरी मारली. लिहिण्यासाठी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मालक कंदील धरून उभा होता. मी 'द' घेतला, मग 'या', मग 'सारंग', आणि एकदा मागे सरून पाहिले. रफार नेहमी शेवटी देतात, शिरोरेषा वाळायच्या आत. तो मी दिला.