उलटा कोळी, सुलटा कोळी

पार्सल वाटेत कुठेतरी अडकून उशिरा पोहोचलं होतं. मुलगा खोका छातीशी धरून दवाखान्यात आला आणि टेबलावर ठेवताठेवताच म्हणाला, "डॉक्टर, एक मेलाय. बाकीचे तीन ठीक आहेत." त्याची आई दाराशीच थांबली. खोक्यात टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, आहेत हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, त्यामुळे तिच्या चेहऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे पोपट येतात, कासवं येतात, इग्वाना येतात. कोळी क्वचित. कोळ्यासाठी औषधंही जवळजवळ नाहीतच. त्याच्याकडे नीट बघणं हेच निम्मं काम असतं.

डबे उघडण्याआधी हातमोजे आणि चष्मा चढवला, आणि मुलाला चेहरा लांब ठेवायला सांगितलं. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरँटुलांच्या पोटावर बारीक काटेरी केस असतात. चिडला की कोळी मागच्या पायांनी ते झाडतो. प्रवासात घुसळून निघालेल्या डब्यातला टिश्यू पेपर अशा केसांनी भरलेला असू शकतो. त्वचेला खाज सुटते ती परवडली, डोळ्यांत गेले तर दुखणं चिवट. ब्रिटनमध्ये टॅरँटुलाची टाकी साफ करणाऱ्या एका माणसाच्या बुबुळाच्या पडद्यात ते रुतले होते. त्याची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

'मेलेला' कोळी मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा होता, अजून वाढीच्या वयातला. डब्यावर 'ब्राकिपेल्मा स्मिथी' लिहिलं होतं, पण माझ्या मते तो हमोरी. 2017 मध्ये या दोन जाती नीट वेगळ्या केल्या गेल्या, तोवर पाळणाऱ्यांकडचे बरेचसे हमोरी स्मिथी म्हणूनच विकले जात होते. ही संपूर्ण प्रजाती 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे कुठून आणला, कागद आहेत का, हे विचारून घेतलं. बंदिस्त पैदाशीचा होता, कागदही होते.

तर हा हमोरी डब्यात पाठीवर पडलेला, आठही पाय वर. आईने सकाळीच "फेकून दे तो" असा निकाल दिला होता. मी डबा न हलवता उजेडाशी धरला. पाठीवरचं कवच कडेने उचललं गेलं होतं आणि फटीतून आतला ओलसर, फिकट भाग दिसत होता. कोळी कात टाकत होता. टॅरँटुला मरताना उलटा होत नाही. तो मरतो सुलटा, पाय पोटाखाली दुमडून.

आणि माझी नजर शेजारच्या डब्याकडे गेली. तो मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा टॅरँटुला, पूर्ण वाढलेला. मुलाच्या मते हा "एकदम शांत" होता. शांत होता खरा. पायांची टोकं आत वळली होती आणि पोट मनुक्यासारखं सुरकुतलं होतं.

कोळ्याच्या पायांत काही सांध्यांना वाकवणारे स्नायू असतात, पण सरळ करणारे नसतात. पाय पसरायचा तर शरीरातलं द्रव दाबाने पायात ढकलावं लागतं. अंगातलं पाणी आटलं की दाब पडतो आणि पाय आपोआप मिटत जातात. म्हणजे ज्याच्यासाठी हे दोघं हळहळत होते तो धडधाकट होता, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तोच जाण्याच्या बेतात होता.

एका उथळ झाकणात पाणी घेतलं आणि मऊ ब्रशने ढकलत कोळ्याचा पुढचा भाग त्यावर आणला. पोट बाहेर, कोरडं. श्वासाची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे अख्खा कोळी पाण्यात ठेवणं म्हणजे त्याला बुडवणं. तोंड मात्र विषदंतांच्या मागे खालीच असतं, ते टेकलं की काम झालं. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. मुलगा सारखा "अजून काही देता येईल का?" विचारत होता. नाही. सलाइन नाही, ग्लुकोज नाही, उबेचा दिवाही नाही, त्याने उलट आणखी सुकेल.

तेवढ्यात आईच म्हणाली, "त्या उलट्याच्या डब्यात काहीतरी हलतंय." कागदाच्या घडीखाली रातकिडा होता. कोळी हलत नाही म्हणून भूक लागली असेल, असं समजून मुलाने सकाळी सोडलेला. कात टाकणारा टॅरँटुला इतका मऊ असतो की रातकिडासुद्धा त्याला कुरतडतो. लांब चिमटा आत घातला. रातकिडा नेमका कोळ्याच्या पायाच्या टोकाशी. कागदाला धक्का लागला तर कातीतून निघत असलेला पाय अडकायची भीती. (अडकून तुटलाच तर पुढच्या काही कातींत नवा येतो, पण म्हणून तोडायचा नसतो.) रातकिडा हळूहळू डब्याच्या भिंतीशी सरकला तेव्हा त्याला पकडलं. या सगळ्या वेळात आई टेबलाशी येऊन उभी होती. दार केव्हा सोडलं, ते तिलाही कळलं नसावं.

उरलेली दोन पिल्लं मार्टिनिक बेटावरच्या झाडांवर राहणाऱ्या जातीची, नखाएवढी आणि गर्द निळी. त्यांना काहीही झालं नव्हतं. एवढंच सांगितलं, की दमट राहावं म्हणून हवा कोंडू नका, ही पिल्लं त्यानेच मरतात.

दुपारपर्यंत कुरळ्याचा एक पाय लांब झाला, मग दुसरा. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांवर झाकणावर ओणवा झाला होता. हमोरी कातीबाहेर येऊन बाजूला पसरला होता, विषदंत पांढरे. ते काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, हे मी मुलाला दोनदा सांगितलं आणि आईला एकदा.

मग मुलाने फोनवर तयारी दाखवली. उंच काचेची टाकी, दगडांची रास, वर दिवा. जमिनीवरच्या कोळ्याला उंची म्हणजे संकट. काचेवरून पडला की पोट फुटतं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीवर नको. म्हणून तळात कोकोपीट भरपूर, सालीचा एक आडोसा, पाण्याची वाटी. दगड आणि दिवा काढून टाक म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. हौशीने लोक जे जे आणतात त्यातलं निम्मं कोळ्याला नकोच असतं. हातात घेणं तर नकोच नको.

कात वाळल्यावर तो घेऊन आला. भिजवून, उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आतल्या अस्तरावर मादीची शुक्रपिशवी दिसली.

"मादी आहे. वीस वर्षंही जगेल," मी म्हणालो.

"म्हणजे हा शिकायला बाहेर गेला की माझ्याच गळ्यात," आई म्हणाली. मग जरा थांबून, "आम्ही आठवडाभर कुठे गेलो तर हिचं काय करायचं?"

"वाटी भरून जा. बाकी काही लागत नाही."

"मग कुत्र्यापेक्षा बरी." आणि मुलाकडे वळून, "तिच्या टाकीशेजारचा तो स्पीकर आधी हलव. हादरे कळतात म्हणे यांना."

हे मी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन तिने वाचलं होतं.