कुठून येतोय?

कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबले होते. सकाळची वेळ, काचा वर, एसी चालू, शेजारी नवरा मोबाइलमध्ये. तेवढ्यात पुढून कुठूनतरी बारीक टर्र असा आवाज आला. ब्रेकवरचा पाय सैल केला, गाडी जराशी सरकली, आवाज थांबला. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा टर्र.

"ऐकलंस?"

"काय?"

या "काय?"वर आमचा संसार उभा आहे. नवऱ्याला आमच्या गाडीतला कुठलाही आवाज आजवर ऐकू आलेला नाही. तिसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला स्वतःचा फोन वाजला तर मात्र झोपेतही कळतो.

आवाज एकदा कानात शिरला की गाडी चालवणं संपतं, नुसतं ऐकणं उरतं. आधी गाणी बंद. मग एसीचा पंखा बंद, कारण त्याच्या घोंघाटात बारीकसारीक काही कळत नाही. मे महिन्यात नवरा बिचारा विचारतो, काच तरी खाली करू का? काच खाली केल्यावर ऐकू काय येणार, कपाळ?

हा रोग मला काकाकडून आला. त्याच्याकडे फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, पण घरात पद्मिनी कोणी म्हणत नसे. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं बसत आणि मधली जागा माझी. साताऱ्याहून चिपळूणला आत्याकडे निघालो की उंब्रज सोडेपर्यंत गाडीत गप्पा चालत. त्यानंतर काकाची मान किंचित तिरकी व्हायची. आम्ही ओळखायचो, आता आला.

"गप्प बसा रे सगळे."

खरं तर त्या गाडीत न वाजणारं काही नव्हतंच. दारं वाजत, वायपर वाजत, डिकीतला जॅक वाजे. पण त्या गदारोळात एखादा नवा आवाज मिसळला की काकाला लगेच कळायचा. मग चौकशी सुरू. काकूला बांगड्या कोपरापर्यंत वर सारायला लागायच्या. मागे आजीला कडबोळ्यांचा डबा पोटाशी घट्ट धरावा लागे. मला श्वाससुद्धा हळू घ्यावासा वाटे. दोन-तीन वळणं सगळे असे पुतळे होऊन बसायचो. "डबा नाही," काका जाहीर करायचा, आणि आजी सुटकेचा निःश्वास टाकायची. शेवटी कोयनानगरच्या अलीकडे कुठेतरी गाडी कडेला घेऊन तो चारमिनारचं रिकामं पाकीट फाडायचा, त्याची घडी करायचा आणि पुढच्या त्रिकोणी काचेच्या फटीत कोंबायचा. पुढे कुंभार्ली घाट लागेपर्यंत स्वर्ग. घाटात त्याची मान पुन्हा तिरकी. एक आवाज गेला की त्याच्यामागे लपलेला ऐकू येतो, एवढंच त्यातून निघायचं. काकाला मात्र दर वेळी वाटायचं की हा शेवटचा.

कागदाची घडी हा उपाय तसा महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे. स्टँडवर उभी एसटी इंजिन चालू ठेवून थरथरायला लागते आणि सगळ्या खिडक्या दात वाजवू लागतात, तेव्हा तिकिटाची घडी कोणी केली नाही? पुढे तपासनीस चढला की फटीतून तिकीट ओढून काढायचं, काच पुन्हा सुरू, आणि तो आपल्याकडेच बघतोय.

आताच्या गाडीत चारमिनारचं पाकीट कोंबायला फट सापडत नाही. सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलाने न ऐकताच निदान केलं, "प्लास्टिकचा आवाज आहे मॅडम, तो येणारच." मी त्याला शेजारी बसवून चक्कर मारली. गाडी चिडीचूप. या बाबतीत गाड्या आणि लहान मुलं सारखीच, डॉक्टरसमोर खोकत नाहीत.

यात जादू काही नाही. माझा आवाज सकाळचा होता आणि चक्कर भर उन्हातली. मीटरभर लांबीचं पोलाद ४० अंशांनी तापलं तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. प्लास्टिक त्याच्या कित्येक पट वाढतं. पुण्यात एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा. आतलं पोलाद आहे तिथेच, वरचं प्लास्टिक मात्र पसरून क्लिपांमध्ये घट्ट बसतं. सकाळी गारव्यात आक्रसतं आणि वाजायला लागतं. काही गाड्यांमध्ये याच्या नेमकं उलट, घट्ट बसल्यावरच ते करकरतं. खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटतात. करकर म्हणजे त्या एकमेकींना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं, फक्त तिथे लोक माना डोलावतात.

काही आवाज ठरावीक वेगालाच का येतात, याचंही गणित आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाच्या मिनिटाला १८०० फेऱ्या होतात तेव्हा ते गाडीला सेकंदाला ६० हादरे देत असतं. एखाद्या सैल पट्टीला नेमके ६० च हादरे मानवतात. काटा १८०० वर आला की ती थरथरते, जरा पुढे गेला की गप्प.

यासाठी पगार घेणारी माणसं असतात, हे मला फार उशिरा कळलं. कोथरूडला लागून जी वेताळ टेकडी आहे, तिला निम्मं पुणं एआरएआय टेकडी म्हणतं, कारण वर १९६६ साली स्थापन झालेली ती वाहन संशोधन संस्था आहे. सकाळी लोक मधुमेहावर आणि अमेरिकेतल्या मुलांवर बोलत टेकडी चढतात, आणि तिथेच आत गाड्यांचे आवाज नि थरथर मोजणारी प्रयोगशाळा आहे. भिंती आवाज गिळून टाकतील अशा खोलीत बसून गाडीच्या खडखडीवर चार तास विचार करायचा आणि महिन्याच्या शेवटी पैसे घ्यायचे. मी कॉमर्सला कशाला गेले?

असो. माझी प्रयोगशाळा ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. वायरिंगला गुंडाळतात ती मऊ कापडी टेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, दाराच्या बीडिंगला चोळायला सिलिकॉन ग्रीस, आणि नाना पेठेतून आणलेल्या क्लिपांची पुडी, कारण पॅनेल उघडताना एखादी क्लिप हमखास मोडते. आधी गाडी पूर्ण रिकामी करायची. दारातल्या बाटल्या, सुटे पैसे, गॉगलचं घर, सगळं बाहेर. डिकीत जॅक आणि स्टेपनी आवळायची. सीटबेल्टचं बक्कल दांडीवर आपटत नाही ना, बघायचं. निम्मे आवाज इथेच मिटतात. उरलेल्यांसाठी पेव्हर ब्लॉकची गल्ली शोधायची. आमच्या मागेच एक आहे, तिच्यातून वीसच्या वेगाने येरझाऱ्या. तिथल्या वॉचमनला वाटतं की बाई अजून गाडी शिकतायत. एक मात्र सांगते. पुढच्या काचेशेजारच्या खांबात बोळे कोंबू नका, बऱ्याच गाड्यांत तिथे एअरबॅग असते. शिवाय कान फसवतात. आवाज काचेवर आपटून येतो, आपण डॅशबोर्डवर संशय घेतो आणि वाजत असतो तो खांबच.

तर ते सिग्नलचं टर्र. टेप झाली, ट्यूब झाली, तरी ते जाईना. मग काकाला चिपळूणला न्यायचा योग आला. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत. काकाचं ऐकणंही कमी झालंय, वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात म्हणे. उंब्रजच्या आधी एके ठिकाणी थांबलो तर विचारतो, "बंद पडली का गं?" गाडी चालू होती. आणि टर्र तर जोरात चालू होतं.

मी त्याला सांगितलं. ओरडून सांगितलं. त्याने मान तिरकी केली नाही, हात पुढे केला. पंजा डॅशबोर्डवर सपाट ठेवून सावकाश सरकवत गेला, मध्यावर आला आणि म्हणाला, "मूर्ती."

गाडी घेतली त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने बसवलेला गणपती. खालची चिकटपट्टी उन्हाने वाळून सुटली होती. आमच्यापैकी कोणी देवावर संशय घेणं शक्यच नव्हतं. काकाला ती अडचण नाही. मी बाप्पाला नमस्कार केला, उचललं आणि खाली ट्यूबचा तुकडा चिकटवला. काका तोवर हात तसाच ठेवून बसला होता. "थांबला," म्हणाला. मग जरा वेळाने, "तुझ्या काकूच्या बांगड्यांवर मी उगाच आळ घ्यायचो."

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. घाट लागला.

आता नवऱ्याला इलेक्ट्रिक गाडी हवी आहे. तिच्यात इंजिनाची घरघर नाही, म्हणजे आतल्या खडखडीला झाकायला काहीच नाही, हे त्याला समजावण्यात अर्थ नाही. परवा शोरूममध्ये गेलो. चक्कर मारायला दिली तशी मी मुख्य रस्ता सोडून थेट पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत घातली आणि एक हात डॅशबोर्डवर ठेवला. मागे बसलेला विक्रेता मुलगा अस्वस्थ झाला.

"मॅडम, म्यूझिक सिस्टिम लावून दाखवू का? आठ स्पीकर आहेत."

आठ स्पीकर. म्हणजे सैल व्हायला आणखी आठ जागा.