टायर बाहेरून नवा, आतून संपलेला

एकदा स्टिअरिंग पूर्ण वळलेलं ठेवून गाडी उभी केली, म्हणून ते दिसलं. पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबरातून पोलादी तारा डोकावत होत्या. बाहेरची नक्षी मात्र चांगली शाबूत. असा टायर वेगात कधीही फुटू शकतो, आणि दोनच दिवसांपूर्वी घरच्यांना घेऊन मी त्यावर लांबचा प्रवास केला होता. हे आठवून हात थरथरले.

लगेच स्टेपनी लावली आणि काढलेला टायर तपासायला घेतला. नक्षीची खोली मोजली: बाहेर 5 मिलिमीटर, मध्ये 4, आत जवळजवळ शून्य. खरं तर 1.6 मिलिमीटरला टायर बदलायचाच असतो.

आधी संशय आला हवेचा. पण हवा कमी असली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असली तर मधला पट्टा. एकच कड झिजली म्हणजे चाकाचा कोन बिघडलाय. त्यातही कॅम्बर की टो, हा प्रश्न होता. चाक उभ्यात कललं असेल तर ती कॅम्बरची गडबड, आणि तेव्हा कड सहसा सपाट झिजते. चाकाचं तोंड थोडं आत किंवा बाहेर वळलेलं असेल तर तो टो; मग रबर रस्त्यावर आडवं खरवडत जातं. तारा टाळून मी नक्षीवर तळहात आडवा फिरवला. एका दिशेने मऊ लागलं, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं टोचलं. म्हणजे टो.

पण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर जुळवून घेणं, तर चारच महिन्यांपूर्वी केली होती! पुन्हा यंत्रावर गाडी चढवली, तर सगळे आकडे मर्यादेत. तिथे सांगितलं, टायरच खराब निघाला असेल, नवा टाका. मला ते पटलं नाही. टायरमध्ये दोष असता तर फुगवटा आला असता, चिरा पडल्या असत्या. एकच कड अशी पद्धतशीर खरवडली गेली नसती.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधीच विचारलं, "ब्रेक मारताना खालून टक् असा आवाज येतो का?" येत होता. कितीतरी दिवस येत होता, आणि मी तो रस्त्याचा समजत होतो.

त्यांनी गाडी वर घेतली. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात, खेळ नव्हता. वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंगही घट्ट. मग लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशापाशी (जोडावरच्या रबरी भागापाशी) पहार अडकवून जरा रेटलं आणि मला म्हणाले, "इकडे या, बघा." बुशाचं रबर फाटून सुटलं होतं आणि अख्खा आर्म मागेपुढे सरकत होता. ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जायचं, त्याचं तोंड बाहेर वळायचं आणि आतली कड घासायची. ब्रेक सोडला की आर्म जागेवर. यंत्र मोजतं उभ्या गाडीला, म्हणून तिथे सगळं ठीक दिसत होतं. अलाइनमेंटआधी खालचे सुटे भाग का तपासायला हवेत, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले. त्यांचे बोल्ट मेकॅनिकने गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. एवढी काळजी घेणारा माणूस मिळाला, याचं मला फार समाधान वाटलं. मागच्या टायरवर ठरावीक अंतराने खड्डे पडलेत का, तेही त्यांनी हात फिरवून पाहिलं. तसं असतं तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे वळावं लागलं असतं. तिथे काही नव्हतं. त्यानंतर अलाइनमेंट.

टायरची नवी जोडी मागे बसवली, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग पकड सोडत नाही, आणि मागचे टायर पुढे आणले. ब्रेकचा तो आवाज पहिल्याच वळणाआधी गेलेला कळला. 3000 किलोमीटरनंतर स्टिअरिंग वळवून, जमिनीवर बसून पुढचा डावा टायर मोजला. आत 4.6, बाहेर 4.6.